ज्या वाक्याला लोक हसतात

शिवाजी पेठ, कोल्हापूर
९ डिसेंबर २०२४

ती. दादास,
सा. न.

माझा नंबर तू बंद करून ठेवलायस, म्हणून पत्र. राजकोटचा पत्ता तुझ्या शिरोलीच्या फौंड्रीतल्या जुन्या दोस्ताकडून काढला. त्याच्यावर चिडू नको. मी त्याला आईच्या तब्येतीचं खोटं कारण सांगितलं. आईची तब्येत बरी आहे.

तुझ्यापर्यंत एक व्हिडिओ पोचला असेल. नसला तर पोचेल, म्हणून आधी माझ्याकडून ऐक. त्यात मी स्टुलावर उभी आहे, साडी गुडघ्यापर्यंत वर खोचलीय, आणि कपाळावर हात धरून लांब बघत म्हणते, “घाबरू नगा, आमचा दादा ट्रॅक्टर घिऊन निघालाय. एकोणीस सालीच निघालाय. यील की इतक्यात.” लोक हसतात. इतके हसतात की पुढचं वाक्य घ्यायला मला थांबावं लागतं. कुणीतरी मोबाइलवर तेवढाच तुकडा काढला आणि तो सगळ्या शिरोळ तालुक्यात फिरला.

ते नाटक आहे, दादा. एकपात्री. नाव ‘म्हशी आधी’. पन्नास मिनिटं मी एकटीच असते. आबा मी, आई मी, तिन्ही म्हशी मीच. आमच्या हौशी संस्थेचे विजयसिंह सर पेठेतल्या एका तालमीच्या माडीवर सराव घेतात. बँकेतून निवृत्त झालेत, माणूस चांगला आहे. एकदा चहा पिताना मी पुरानंतरच्या पंचनाम्याची गोष्ट सांगत होते. तुला आठवत असेल, म्हशींचा पंचनामा आणि आबांचा पंचनामा एकाच दुपारी झाला. पंचनाम्याला आलेल्या माणसानं कागदावरून मान वर न करता विचारलं, “दुभती का भाकड?” आणि आई म्हणाली, “कुनाचं इचारतायसा? म्हशीचं का मालकाचं?” सर हसता हसता डोळे पुसायला लागले. म्हणाले, “निशिगंधा, तुझ्या तोंडात मरण आलं की माणसं हसतात. हे लिही.” मी लिहिलं. शाळा सुटली की सराव, शनिवार-रविवार प्रयोग, असं चाललंय. दुःखाला हसून सामोरी जाणारी शिक्षिका, असं एका पेपरात छापूनही आलं.

तुझी थट्टा करायचा हेतू नव्हता. नाटकात असं कुणीतरी लागतं, ज्याची सगळे वाट बघतात आणि जो येत नाही. आणि आबा तुझी वाट बघत मागं थांबले हे तर सगळ्या गावाला माहीत आहे. मी नवीन काही सांगितलेलं नाही.

आईनं नाटक पाहिलेलं नाही. ती विचारते, मी टाळते.

दोन ओळी लिही. शिव्या दिल्यास तरी चालतील.

तुझी
निशी


६ जानेवारी २०२५

ती. दादास,

पोचपावती आली. तिच्यावर तुझी सही आहे. म्हणजे पत्र घेतलंस. वाचलंस का ते कळायला मार्ग नाही.

मला एक गोष्ट कुणालातरी सांगायची आहे आणि इथं सांगण्यासारखं कुणी नाही.

प्रयोगाला एक माणूस येतो. पहिल्यांदा तो इचलकरंजीला दिसला. पन्नाशीचा असेल, पांढरी टोपी, खाकी स्वेटर, तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर. प्रेक्षकांना वाटतं अंधारात आपण दिसत नाही. पहिल्या चार रांगा स्वच्छ दिसतात. तर हा माणूस हसला नाही. न हसणारे असतात, पण ते जांभया देतात, मोबाइल बघतात. हा पन्नास मिनिटं माझ्या तोंडाकडं बघत होता. आणि ट्रॅक्टरच्या वाक्याला, सगळा हॉल हसत असताना, त्यानं मान खाली घातली.

मी म्हटलं असेल एखादा. पुढच्या रविवारी पेठ वडगावला प्रयोग होता. तिथंही तिसरी रांग, कडेची खुर्ची. मग काल इथं कोल्हापुरात. काल मी म्हशींची नावं विसरले. स्वतःच्या घरच्या म्हशींची नावं, दादा. चंद्री म्हणायचं तिथं मी नुसती तोंड उघडून उभी राहिले. लोकांना तेही विनोदी वाटलं.

विजयसिंह सरांना सांगितलं तर ते म्हणाले, “पोलीस असेल, नाहीतर कवी.” ते हसले. मी हसले नाही.

खरं म्हणजे वडगावातच मी त्याला ओळखलं. तोंडावरून नाही, बसण्यावरून. एका बाजूला कलून बसतो आणि उजवा हात मागं ठेवतो, काहीतरी धरल्यासारखा. असं बसलेलं माणूस मी आयुष्यात एकदाच पाहिलंय. कुठं ते आत्ता लिहीत नाही. कदाचित भासच असेल.

त्या दिवशी तू मला फोनवर काय म्हणाला होतास ते तुला आठवतं का? नेमके शब्द? मला आठवतात. उगाच विचारलं.

निशी


३ फेब्रुवारी २०२५

दादा,

तो घरी येऊन गेला.

गेल्या मंगळवारी शाळेतून साडेपाचला आले. आई दारातच बसून शेंगा फोडत होती. मला बघून म्हणाली, “एक पावणं आलतं. तुझं नाटक लई आवडलंय म्हनत हुतं.”

“कोण पावणं? नाव काय?”

“नाव न्हाई सांगितलं. आपल्याच भागाकडचं हाय, बोलण्यावरनं कळतंय की. च्या केला. बशीत वतून प्यालं आन् गेलं.”

“काय विचारत होतं?”

“काय न्हाई. म्हनलं, मावशी, तुम्ही नाटक बघितलासा का? मी म्हनलं, न्हाई बा, लेक नीतच न्हाई. तर नुसतं मान हलवत बसलं. जाताना माझ्या पाया पडलं बघ. एवढा बाप्या माणूस.”

मी आत गेले आणि मोरीचा नळ सोडून उभी राहिले, म्हणजे आईला माझा श्वास ऐकू जाऊ नये. तिनं त्याला ओळखलं नाही. ओळखायचं कारणही नाही. तेव्हा त्याच्या अंगावर डोक्यापासून प्लॅस्टिकचा कागद होता आणि आईनं पदर तोंडावर ओढून घेतला होता.

आता मी शाळेतून वेगळ्या रस्त्यानं येते. गल्लीच्या तोंडाशी थांबून आधी बघते. वर्गात फळ्याकडं तोंड केलं की मागं दाराशी कुणीतरी आहे असं वाटतं. शुक्रवारी सातवीच्या एका पोरीनं “बाई” म्हणून हाक मारली आणि माझ्या हातातून खडू पडला.

तुला हसू येत असेल. बरंच आहे. कुणाला तरी खरंखुरं हसू येऊ दे.

आणि दुसरी बातमी: गावच्या यात्रा कमिटीचा फोन आला होता. या वर्षी यात्रेत माझं नाटक हवंय. फोन आईनं घेतला आणि मला न विचारता हो म्हणाली. म्हणते, “आता तर बघनारच. माझ्याच गावात मला कोन अडवतंय बघू.”

निशी


२४ फेब्रुवारी २०२५

दादा,

हे पत्र तू फाडू नको. आधीची फाडली असशील तर हरकत नाही, त्यात खोटंच जास्त होतं.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत तो शाळेच्या फाटकाशी उभा होता. पळायला जागा नव्हती. पोरं बघत होती. मी त्याला समोरच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेले आणि म्हटलं, “पावणं, तुम्हाला काय पायजे ते एकदा सांगा.”

तो म्हणाला, “तुम्ही मला वळीखलासा.”

“व्हय.”

“मग नाव का न्हाई घेतलासा अजून?”

मला काही कळेना. दोन महिने मी मनात घोकत होते की हा विचारील, ‘ताई, तुम्ही तवा खोटं का बोललासा?’ आणि हा भलतंच विचारत होता.

“कुणाचं नाव?”

“माझं. बाळासोचं.” त्यानं चहाचा ग्लास न पिताच बाकड्यावर ठेवला. “मोबाइलवर तुमचा तुकडा बघितला तवापासनं झोप न्हाई. चार खेळ बघितलं. दर बारीला वाटतंय, आता घेतील नाव. आता म्हनतील, होडीवाल्यानं म्हाताऱ्याची हाक ऐकली आन् इंजन वाढवलं. जिवाचं पाणी हुतंय तितं बसून. तुमच्या आईनं च्या दिला, त्यो पोटात ठरला न्हाई माझ्या.”

मी ज्याला भीत होते तो मला भीत होता.

“वाळूची होडी हुती माझी,” तो म्हणाला. “धा माणसाची. त्या दिशी सतरा घेतली हुती. पुरात साठ माणसं काढली म्हनून तालुक्यात सत्कार झाला, शाल घातली. ती शाल ट्रंकंत हाय, अजून अंगावर घेतली न्हाई. माझी लेक पोलीस भरतीची तयारी करतीया. बाप म्हनून छाती फुगवून सांगती सगळ्यास्नी. तुम्ही सांगनार असला तर आधी मला सांगा. म्हंजे मी आधी तिला सांगतो.”

मग त्यानं विचारलं, “तुम्ही हाक ऐकली न्हाई?”

मी म्हणाले, “न्हाई.”

दादा, मी ऐकली होती.

आता सलग लिहिते. मध्ये थांबले तर लिहिणार नाही.

पंचमीला मी गावी गेले होते. तिसऱ्या दिवशी पाणी उंबऱ्याला लागलं. तू फोनवर म्हणालास, “निशे, आबांना आधी बाहेर काढ. म्हशींच्या नादाला लागू देऊ नको. मी ट्रॅक्टर घेऊन येतोय, पण माझी वाट बघू नका, मिळंल त्यानं निघा.” हे तुझे शब्द. वाट बघू नका म्हणाला होतास. मग फोन बंद पडला. नंतर कळलं, पुलाच्या अलीकडं पोलिसांनी तुझा ट्रॅक्टर अडवला आणि तू पुलापाशीच बसून राहिलास. तेव्हा हे कुणीच ऐकून घेतलं नाही.

दुपारी चारच्या सुमाराला होडी आली तेव्हा पाणी माझ्या छातीला होतं. आबा मागं गोठ्यात म्हशींची दावी कापायला गेले होते. दोन मिनिटांत येतो म्हणाले होते. आईला मी आणि बाळासोनं उचलून होडीत घातलं. मी चढले तशी होडी कलली आणि लाईटच्या खांबावर आपटली. कडेवरून पाणी आत आलं. एक बाळंतीण होती, तिचं पोर ओरडायचं थांबलं, एकदम गप्प झालं. बाळासो मागं वल्हं धरून बसला होता, तो ओरडला, “आत अजून कोन हाय का?”

मी म्हणाले, “न्हाई. कोन न्हाई.”

का म्हणाले ते मी सहा वर्षं शोधतेय. होडीत सतरा माणसं होती, बाळंतीण होती, आई होती, अशी पुष्कळ कारणं मी स्वतःला दिली. त्यातलं एकही तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं. मला भीती वाटली. होडी अजून एक क्षण तिथं थांबली तर मी बुडेन, एवढंच होतं.

इंजिन सुरू झालं आणि गोठ्याकडून आबांची हाक आली. “निशे, थांब! आलो!” मी मागं बघितलं. आबा दिसले नाहीत. आईनं पदराआडून विचारलं, “ह्यो कुटं हाय? ह्यो का न्हाई आला?” ती उठायला लागली, होडी पुन्हा हलली, आणि तिला बसवायला मी म्हणाले, “आबा दादाची वाट बघत थांबलेत. दादा ट्रॅक्टर आणतोय, त्याच्याबरोबर येतो म्हणालेत.”

आई खाली बसली.

एवढंच. तिला होडीत बसवायला बोललेलं वाक्य. काठावर उतरल्या उतरल्या मी ओरडून सांगितलं असतं तर बाळासो परत गेला असता. मला वाटलं दुसरी होडी जाईल. मग अंधार पडला. मग दोन दिवस कुणालाच जाता आलं नाही. आबा सापडले तेव्हा त्यांच्या हातात विळा होता, हे तुला माहीत आहे. आणि बाराव्याला आई सगळ्या पाहुण्यांसमोर तुला म्हणाली, “तुझी वाट बघत गेला रं त्यो.” मी तिथंच होते, भाताचं पातेलं धरून. तू ताटावरून उठलास. मी काही बोलले नाही. नंतर त्याच वाक्यावर मी लोकांना हसवायला लागले. लोक हसले की वाटायचं, खरं असल्याशिवाय का हसतील?

मी बाळासोला शब्द दिलाय की त्याचं नाव घेणार नाही. माझं काय करायचं ते कळत नाही. यात्रा १२ एप्रिलला आहे. आई पहिल्या रांगेत बसणार.

मला फार भीती वाटते.

निशी


१६ एप्रिल २०२५

दादा,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण शेवटपर्यंत सांगायचं ठरवलंय.

संध्याकाळी सहाला प्रयोग सुरू झाला. शाळेच्या मैदानात मांडव होता, माणसं कंपाउंडच्या भिंतीवर चढून बसली होती. आई पहिल्या रांगेत, निळं इरकल नेसून. बाळासो कुठं दिसला नाही. मला बरं वाटलं.

मी ठरवलं होतं की ट्रॅक्टरचं वाक्य गाळायचं आणि पुढं जायचं. कबुली वगैरे काही ठरवलं नव्हतं, उगाच मोठेपणा घेत नाही. आईला घरी नेऊन नंतर कधीतरी सांगू, असंच मनात होतं. म्हशींचा भाग झाला, पंचनामा झाला. आईनं स्वतःचं वाक्य माझ्या तोंडून ऐकलं आणि पदर तोंडाला लावून हसली. मग मी स्टूल बाजूला सारलं. तेवढ्यात भिंतीवरची पोरं ओरडायला लागली. “ट्रॅक्टर! ट्रॅक्टर!” सगळ्यांनी व्हिडिओ बघितलेला. मांडवभर टाळ्यांचा ठेका सुरू झाला. आईही मागं वळून बघायला लागली, हे काय चाललंय म्हणून.

मी स्टुलावर चढले. कपाळावर हात धरला. “घाबरू नगा, आमचा दादा ट्रॅक्टर घिऊन निघालाय.” आणि पुढचं येईना. आईच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. तुझं नाव सहा वर्षांत आमच्या घरात कुणी घेतलेलं नाही.

मी म्हणाले, “दादा वाट बघू नका म्हणाला होता. आबा कुणाची वाट बघत नव्हते. आबा येतो म्हणत होते. मी म्हणाले, आत कोन न्हाई.”

लोक हसले.

दादा, ते हसले. मला वाटलं होतं दगड येतील. माझा आवाज नेहमीसारखाच लागला असणार, थांबायची जागाही तीच. मी पुन्हा सांगितलं, “आबांनी हाक मारली. निशे, थांब. मी ऐकली, आन् गप बसले.” ते अजून जोरात हसले. पुढची एक बाई शेजारणीच्या मांडीवर हात मारत होती. मी स्टुलावर उभी होते आणि माझे पाय लटपटत होते, आणि लोकांना वाटत होतं की मी पाण्यात उभी असल्याचा अभिनय करतेय. त्या पुरात सुद्धा मी एवढी घाबरले नव्हते. मी ओरडले तरी माझं कुणी खरं मानणार नाही, आता मरेपर्यंत मानणार नाही, असं वाटलं.

मांडवाच्या खांबाशी कुणीतरी उभं राहिलं. बाळासो. टोपी हातात होती.

“हसू नगा,” तो म्हणाला. कुणी ऐकलं नाही. मग तो ओरडला, “हसू नगा रं! खरं सांगतीया ती. होडी माझी हुती. हाक मी बी ऐकली. मीच इंजन वाढवलं.”

त्याच्या शेजारी एक उंच पोरगी उभी होती. तिनं बापाचा दंड धरला होता. म्हणजे त्यानं तिला आधी सांगितलं होतं.

कुणीतरी माइक बंद केला. मी स्टुलावरून उतरले तोवर पहिल्या रांगेतली आईची खुर्ची रिकामी होती.

ती आपल्या जुन्या घराच्या जागेवर गेली होती. घर पाडल्यापासून तिथं नुसतं जोतं आहे, बाभळी उगवल्यात. ती गोठ्याच्या बाजूला जोत्यावर बसली होती. मी चार हात लांब उभी राहिले. जवळ जायचं धाडस झालं नाही.

ती म्हणाली, “काय म्हनला त्यो? नेमकं सांग. अदलबदल करू नगंस.”

“निशे, थांब. आलो.”

“आलो म्हनला?”

“व्हय.”

“म्हंजे येनार हुता.”

ती स्वतःशीच दोनदा मान हलवत राहिली. मग म्हणाली, “सा वर्सं मी त्याच्यावर रुसून हाय. मला एकटीला होडीत घालून ह्यो लेकाची वाट बघत बसला, म्हशी धरून बसला, मला इचारलं बी न्हाई. त्याच्या फोटोला मी कवा हात जोडलं न्हाईत, तुला ठावं हाय का? तू बघितलंयस का कवा?”

मी कधी बघितलं नव्हतं. एका खोलीत राहून मला ते दिसलं नव्हतं.

तिनं मला मारलं नाही, शिवी दिली नाही. परतीच्या गाडीत ती माझ्या शेजारी न बसता पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. आज चौथा दिवस. भाकरी करते, माझ्या ताटात वाढते, बोलत नाही.

निशी


३० एप्रिल २०२५

दादा, हे पत्र आईचं आहे. ती सांगेल तसं लिहितेय. ताकीद दिलीय, “एक शबुद इकडचा तिकडं करू नगंस.”

*बाळ सम्राट,*

*मी झुंबरबाई, तुझी आई. तुला बाराव्याला चार मान्सांत बोलले. तू ताटावरनं उठलास. मी तुला माघारी बोलवायला पायजे हुतं. उठले बी हुते, पर दारापातूर गेले आन् फिरले. ती माझी चूक.*

*तुझ्या भणीनं खोटं सांगितलं. पर त्ये खोटं मीच जपलं. तुझ्या बाचा राग हुता मला, आन् मेलेल्या मान्सावर राग काढता यीत न्हाई. तू जिता हुतास, म्हनून तुझ्यावर काढला.*

*निशीवर माझा राग हाय. किती दिस ऱ्हाईल सांगता यीत न्हाई. ह्ये बी लिही म्हनलंय तिला. ती लिवतीया.*

*मला तुझ्याकडं यायचं हाय. पोरं केवढी झाली बघायची हायत. चार दिस म्हनून न्हाई. ठेवून घेतलंस तर ऱ्हाते. न्हाई म्हनलास तरी राग धरनार न्हाई, आता राग धरायला अंगात जागा न्हाई. खालच्या मजल्यावरच्या पोरीचा नंबर देते. त्यावर फोन कर.*

इथवर आईचं. लिहून झाल्यावर तिनं खालच्या स्वप्नालीला वर बोलावलं आणि पत्र मोठ्यानं वाचायला लावलं. मी बरोबर लिहिलंय का ते बघायला. पोरगी अकरावीला आहे, माझीच जुनी विद्यार्थिनी. “निशीवर माझा राग हाय” इथं आली आणि अडखळली. माझ्याकडं बघेना. आई म्हणाली, “वाच की. तिनंच लिवलंय.”

तिनं वाचलं. आई म्हणाली, “बराबर हाय.”

निशी


२३ मे २०२५

ती. दादास,

हे पत्र आईच्या पिशवीत ठेवतेय. ती तुझ्या हातात देईल.

तुझा फोन आला तेव्हा मी जिन्यात उभी होते. आई “हॅलो” म्हणाली आणि मग तुम्ही दोघंही किती वेळ काहीच बोलला नाहीत. स्वप्नालीला वाटलं फोन कट झाला, ती घ्यायला गेली तर आईनं हात झटकला. शेवटी आई म्हणाली, “जेवलास का?” नंतर तिनं मला तू सांगितलेलं सांगितलं: आईला अहमदाबादला उतरवून घेतो, आणि निशीला म्हणावं पत्रं मिळाली, सगळी वाचली, आत्ता बोलणार नाही. बरोबर आहे तुझं. मी विचारणारही नाही.

प्रयोग बंद केलेत. विजयसिंह सर म्हणाले, कधीतरी परत उभं करू, खरं घालून. मी नाही म्हणाले. बाळासोच्या लेकीचा एकदा फोन आला होता. बाप आता जेवतो म्हणाली. गावात काहीजण त्याच्याशी बोलत नाहीत, काहीजण मुद्दाम येऊन बोलतात. माझ्याबद्दल गावात काय बोलतात ते मी विचारलं नाही.

उद्या शनिवारच्या गाडीत मी तिला बसवून देईन. पत्र आणि तुझा निरोप सोडला तर परवा पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली. “माझं चष्म्याचं घर कुटं ठेवलंयस?” एवढंच. मी अर्धा तास शोधत होते, तिच्या उशाशीच होतं.

रक्तदाबाची गोळी सकाळी, जेवणाआधी. विसरली तरी घेतली म्हणते, मोजून बघ. गहू तिला पचत नाही, ज्वारी मिळाली तर बघ. सरकता जिना दिसला की घाबरते, हात धर.

आणि एक गोष्ट. ती झोपेत बोलते. दर आठ-पंधरा दिवसांनी उठून बसते, डोळे मिटलेलेच असतात, आणि विचारते, “ह्यो कुटं हाय?” पहिल्यांदा ऐकशील तेव्हा अंगावर काटा येईल. तिला जागं करू नको. मी “येतायत” म्हणते, ती लगेच आडवी होते. सहा वर्षं मी तेच म्हणत आले. यात्रेनंतर एकदा तिनं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. ती तशीच बसून राहिली, उजाडेपर्यंत.

तू काय म्हणशील ते तू ठरव. पण काहीतरी म्हण. तिला वाट बघायला लावू नको.

तुझी
निशी